दुपारचा दोरा

मंद्रूपमध्ये एप्रिल-मे आला की दिवसाचे सरळ दोन तुकडे पडतात. सोलापूरहून विजयपूरला जाणाऱ्या महामार्गावरचं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे मोठं गाव. भोवती काळी माती, झाडांची सावली बेताची, आणि पारा ४२-४३ अंशांवर गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. म्हणून काम पहाटे उरकायचं. झाडलोट, पाणी भरणं, भाकऱ्या, रानातली कामं, सगळं ऊन तापायच्या आत. त्यात वाळवणाचे दिवस. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक भल्या पहाटे शिजतो, सात-साडेसातपर्यंत कुरडया कापडावर पडतात आणि दहाच्या आत बायका गच्चीवरून खाली येतात. मग चार-साडेचारपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. जुन्या माळवदाच्या घरात भिंती जाड असल्यामुळे सोप्यात बसवतं तरी. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात पंखासुद्धा गरम वारा फेकतो, आणि लाईट गेली तर तोही नाही.

ही दुपार घरातल्या बाईची असते, पण पूर्ण तिची नसते. पापडांवर कावळे येत नाहीत ना, हे बघायचं असतं. सुट्टीला आलेली भाचरं तासातासाला काहीतरी खायला मागतात. नळाला पाणी कधी सुटेल त्याचा नेम नाही. सासूबाईंना ताक द्यायचं असतं. विसावा मिळतो तो दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. अशा तुकड्यांत मन निवांत करणारं काम कोणतं, असा प्रश्न असेल तर क्रोशाकाम हे त्याचं फार चांगलं उत्तर आहे. ते का, हे या प्रकरणात पाहू. त्याचं कारण या विणीच्या रचनेतच दडलेलं आहे.

मागांच्या जिल्ह्यात बिनमागाचं कापड

सोलापूरला कापडाची ओळख नव्याने करून द्यायला नको. १८७० च्या दशकात उभी राहिलेली जुनी गिरणी, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, जकार्ड मागावर नक्षी उमटवणारी सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, या सगळ्यांनी या शहराचं नाव देशभर नेलं. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालं. मागावरच्या या कापडाचं तत्त्व एकच असतं. उभे ताणलेले हजारो धागे म्हणजे ताणा, त्यांच्यातून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. ताणा ताणून धरायला माग हवा, माग मांडायला जागा हवी, आणि पॉवरलूम असेल तर वीजही हवी.

क्रोशाला यातलं काहीच लागत नाही. एक दोरा आणि टोकाला आकडी असलेली एक सुई, बस्स. दोऱ्याचा एक फास करायचा, आकडीने त्यातून दोरा ओढून दुसरा फास काढायचा, त्यातून तिसरा. झाली साखळी. या साखळीच्या टाक्यांत सुई घालून पुन्हा फास ओढले की उभे टाके तयार होतात. बुटका टाका तो मुका खांब. सुईवर आधी दोऱ्याचा एक वेढा घेऊन काढलेला उंच टाका तो खांब. साखळी, मुका खांब आणि खांब हे तीन टाके हाताला बसले की रुमाल, तोरण, बटवा, बाळाचं टोपडं, केळवणात ताटाभोवती मांडायची महिरप, सगळं करता येतं. रुखवतात मांडलेलं क्रोशाकाम बहुतेक याच तीन टाक्यांच्या फिरवाफिरवीतून आलेलं असतं.

आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. विणकामाची यंत्रं शेकडो वर्षांपासून आहेत, दोन सुयांच्या विणीचं काम यंत्र सहज करतं, पण क्रोशाचा खरा टाका अजूनही हातानेच घालावा लागतो. बाजारात दिसणारी यंत्रावरची ‘क्रोशासारखी’ जाळी वेगळ्या रचनेची असते. प्रत्येक टाक्याला सुई नव्या जागी, नव्या कोनातून घालावी लागते आणि दोऱ्याचा ताण बोटांनी क्षणाक्षणाला सांभाळावा लागतो. हे काम गिरणीतल्या यंत्रांच्या आवाक्यात आलेलं नाही. म्हणजे मागांच्या या जिल्ह्यात, सोप्यात बसलेल्या बाईच्या हातात असं एक कापड तयार होत असतं जे कोणत्याही गिरणीला काढता येत नाही.

कुठेही थांबता येणारं काम

आता रचनेकडे येऊ. दोन सुयांच्या विणकामात एका ओळीचे सगळे टाके एकाच वेळी सुईवर ‘जिवंत’ असतात. स्वेटरची पाठ विणताना सुईवर शंभर-शंभर टाके असू शकतात. त्यातला एक निसटला तर तो खालच्या ओळींतून घसरत जातो आणि उभी रेघ उसवते. म्हणून विणताना कुणी हाक मारली तर बाई म्हणते, ‘थांबा, ही ओळ पुरी करते.’

क्रोशात कोणत्याही क्षणी सुईवर बहुधा एकच फास मोकळा असतो. मागचे सगळे टाके एकमेकांत अडकून पक्के झालेले असतात. हाक आली की तो एक फास जरा लांब ओढायचा, सुई काढायची आणि उठायचं. कुरडया उलटून या, नळावर जाऊन या, पोराच्या गुडघ्याला हळद लावून या. परत आल्यावर फासात सुई घाला, दोरा ओढा, काम जिथं होतं तिथून पुढे सुरू. चूक झाली तर दोरा ओढून तेवढंच उसवता येतं. दोरा वाया जात नाही, त्याच दोऱ्याने पुन्हा विणता येतं.

घरकामात अशी सोय फार थोड्या ठिकाणी असते. भाकरी तव्यावर अर्धी सोडता येत नाही. चीक ढवळताना हात थांबला की गुठळ्या होतात. शिवणयंत्रावर बसायचं तर कापड बेतावं लागतं, जागा अडते, पसारा होतो. क्रोशाकाम एका पिशवीत मावतं, अंधारून आलं तर बाजूला ठेवता येतं, आणि ते आज पुरं झालंच पाहिजे असं घरातल्या कुणाचंही म्हणणं नसतं. ज्या कामाला संध्याकाळची मुदत नाही ते काम हातात असताना माणूस विसावतो. मला वाटतं, क्रोशाच्या गोडीचं मूळ इथं आहे.

सहाचा पाढा

या कामात हिशेबही आहे, आणि तो सुंदर आहे. गोल रुमाल विणणाऱ्या बायकांना एक नियम तोंडपाठ असतो. मुक्या खांबांचा गोल सपाट राहायला हवा असेल तर पहिल्या फेरीत सहा टाके घ्यायचे आणि दर फेरीला सहा वाढवायचे: ६, १२, १८, २४. खांबांचा गोल असेल तर बारापासून सुरुवात करून दर फेरीला बारा वाढवायचे: १२, २४, ३६, ४८.

हे सहा आणि बारा आले कुठून? वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या साधारण सव्वासहा पट असतो. मुका खांब जितका रुंद तितकाच साधारण उंच. त्यामुळे एका फेरीने त्रिज्या एका टाक्याएवढी वाढली की परिघाला सुमारे सहा टाके जास्त लागतात. खांबाची उंची त्याच्या दुप्पट धरा, म्हणजे बारा. शाळेत घोकलेला परिघाचा नियम इथं बोटांना कळतो.

टाके कमी वाढवले तर कड आत ओढली जाते आणि कापड वाटीसारखं वळतं. टोपडं असंच होतं. जास्त वाढवले तर कड मावेनाशी होते आणि तिला चुण्या पडतात. त्याला आपण झालर म्हणतो. या झालरीने गणितज्ञांना मोठी मदत केली. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी एक वेगळी भूमिती मांडली होती. तिच्यातल्या पृष्ठाला ‘अपास्तीय (हायपरबोलिक) प्रतल’ म्हणतात. हे पृष्ठ प्रत्येक बिंदूपाशी घोड्याच्या खोगिरासारखं वळलेलं असतं. ते कागदावर नीट काढता येत नाही. विल्यम थर्स्टन या गणितज्ञाने १९७० च्या दशकात कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्याची प्रतिकृती केली, पण ती हाताळताना फाटायची. १९९७ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या लाटवियाच्या दाइना ताइमिना यांनी क्रोशाची सुई घेतली आणि ठरावीक प्रमाणात टाके वाढवत हे पृष्ठ विणून दाखवलं. ते हातात धरता येतं, दुमडता येतं, त्यावर रेषा शिवून दाखवता येतात. पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि ख्रिस्तीन वर्थाइम या बहिणींनी याच रीतीने समुद्रातल्या प्रवाळांच्या आकारांची विणलेली सृष्टी उभी करायला सुरुवात केली. प्रवाळांच्या चुण्या आणि तोरणाची झालर एकाच नियमाने वाढतात. आजीच्या हातची झालर पाहणाऱ्या मुलीला हे सांगायलाच हवं, कारण त्यामुळे तिला गणितही जवळचं वाटेल आणि आजीही.

हात चालतात तेव्हा मनाचं काय होतं

२०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठाशी संबंधित दोन संशोधकांनी, पिप्पा बर्न्स आणि रोझमेरी व्हॅन डर मीर यांनी, क्रोशाकाम करणाऱ्यांची एक जागतिक पाहणी प्रसिद्ध केली. ८,३९१ जणांनी उत्तरं दिली. त्यातल्या सुमारे ९० टक्के लोकांनी सांगितलं की या कामाने शांत वाटतं. ८२ टक्क्यांना आनंदी वाटत होतं आणि जवळपास ७५ टक्क्यांना आपण उपयोगाचे आहोत असं वाटत होतं. उत्तरं देणारे सगळे आधीच क्रोशाची आवड असलेले होते, हे लक्षात ठेवायला हवं. ज्यांना हे काम आवडलं नाही ते अशा पाहणीत येतच नाहीत. तरीही इतके लोक एकच अनुभव सांगतात तेव्हा त्यामागचं कारण शोधावंसं वाटतं.

एक कारण लयीत आहे. हर्बर्ट बेन्सन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात शरीराच्या शांत अवस्थेचं वर्णन केलं. तिच्यात श्वास आणि नाडी मंदावते, स्नायू सैल होतात. तिथं पोचण्यासाठी त्यांनी दोन गोष्टी महत्त्वाच्या मानल्या: शब्दाची, प्रार्थनेची किंवा हालचालीची पुनरावृत्ती, आणि मन भरकटलं तर चिडचिड न करता त्याला परत आणणं. जपाची माळ ओढणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. क्रोशात दोन्ही गोष्टी आपोआप जुळतात. हालचाल तीच ती, आणि मोजणी चुकली की डोळ्यांना लगेच दिसतं, मन जागेवर येतं.

दुसरं कारण मोजणीत आहे. ‘एक खांब, एक खांब, दोन एकत्र’ हे मनात म्हणताना खताचं बिल, मुलीची फी, पावसाचा अंदाज यांना मनात जागा कमी उरते. पण मोजणी इतकीही अवघड नसते की शेजारीण आली तर बोलता येऊ नये. हात अडकलेले आणि तोंड मोकळं, ही अवस्था आपल्या बायकांच्या ओळखीची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉईटवां या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या अशाच हातांच्या लयीवर जन्मल्या होत्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जातं सुटलं, कष्ट वाचले. ते चांगलंच झालं. मात्र चार बायकांनी हात चालवत मनातलं बोलायची एक जागाही त्याबरोबर गेली. सोप्यात तिघी-चौघी क्रोशा घेऊन बसतात तेव्हा त्या जागेचा थोडा भाग परत मिळतो, आणि या वेळी मानेवर दळणाचं ओझं नसतं.

तोच टाका, पण पोटासाठी

क्रोशा नेहमी विसाव्याचाच राहिला आहे असं मात्र नाही. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि मोठा दुष्काळ पडला. तेव्हा कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी आणि काही सधन स्त्रियांनी गरीब घरांतल्या बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली. ती लेस विकून अनेक कुटुंबं तगली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या आठवणी सोलापूर जिल्ह्यात अजून ताज्या आहेत, त्यामुळे ही गोष्ट इथं लगेच समजते. तिथं दुष्काळी काम हातोड्याऐवजी सुईने झालं, एवढाच फरक.

आंध्र प्रदेशात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या नरसापूरलाही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांमार्फत ही लेस पोचली आणि तिथं तिचा निर्यातीचा धंदा झाला. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये या कामगार स्त्रियांवर पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवून दिलं की या बायका दिवसाचे कित्येक तास राबत होत्या, परदेशी बाजारासाठी माल बनवत होत्या, आणि तरी ‘गृहिणी फावल्या वेळात करतात’ असं म्हणून त्यांना फार थोडा मोबदला दिला जात होता. घरबसल्या बिडी वळणाऱ्या हजारो बायकांच्या सोलापूरला हे दुखणं परकं नाही.

टाका तोच, सुई तीच. पण नगावर पैसे आणि डोक्यावर मुदत आली की त्याच टाक्याने मान धरते आणि डोळे चुरचुरतात. म्हणून ‘एवढं छान करतेस, विकत का नाहीस?’ हा प्रश्न कौतुकाने विचारला तरी जपून विचारावा. कुणाला विकायचं असेल तर तिला तिच्या तासांचा पूर्ण दाम मिळाला पाहिजे. कुणाला विकायचं नसेल तर तिची दुपार तिच्याकडे राहू द्यावी. दोन्हींचा मान सारखाच.

विक्रीवाचूनही या कामातून मोठं काही उभं राहू शकतं. २०१६ च्या जानेवारीत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने चेन्नईत जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं पांघरूण मांडून गिनीज विक्रम केला. ते ११ हजार चौरस मीटरहून मोठं होतं. आपापल्या घरी बसून बायकांनी विणलेले तुकडे तिथं एकत्र जोडले गेले.

पहिलं काम: ताकाच्या भांड्यावरचं झाकण

उन्हाळ्यात सुरुवात सुती दोऱ्यानेच करावी. प्रमाणित दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतं, तर बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा ॲक्रिलिकचा धागा जेमतेम दीड-दोन टक्के. घामेजल्या बोटांना ॲक्रिलिक चिकटतं, सूत घाम टिपतं. शिवाय सुती काम गरम पाण्यात धुता येतं. अँकर कंपनीचा थोडा जाड सुती गोळा आणि त्याला साजेशी दोन ते अडीच मिलिमीटरची सुई पुरे. अगदी बारीक दोरा आणि बारीक सुई पहिल्या महिन्यात नको, डोळ्यांवर ताण येतो. गोळा तांब्यात ठेवून दोरा वरून काढावा, म्हणजे तो जमिनीवर लोळत नाही आणि पांढरा दोरा मळत नाही. बसण्याआधी हात धुवून पुसून घ्यावेत.

आधी एक-दोन दुपारी नुसती साखळी घालावी. सगळे फास सारखे येईपर्यंत पुढे जाऊ नये. सुरुवातीला टाके हमखास आवळले जातात, बोटं सैल पडली की आपोआप सुधारतात. मग झाकण धरावं. चार साखळ्या घालून त्यांचं कडं जोडायचं. तीन साखळ्या उंचीसाठी घ्यायच्या, त्या पहिला खांब म्हणून मोजायच्या, आणि कड्यात आणखी अकरा खांब घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब, झाले २४. तिसरीत एका टाक्यात एक आणि पुढच्यात दोन, झाले ३६. चौथीत दोन टाक्यांत एकेक आणि तिसऱ्यात दोन, झाले ४८. भांड्याच्या तोंडाहून चार बोटं मोठा गोल होईपर्यंत असंच वाढवत जायचं. गोल वाटीसारखा वळू लागला तर टाके कमी पडलेत, झालर पडू लागली तर जास्त झालेत. तेवढंच उसवून दुरुस्त करायचं.

काठाला मणी हवेत. ते आधीच दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात, म्हणून शेवटच्या फेरीआधी दोरा तोडून, मणी ओवून नव्याने जोडावा. या फेरीत दर चार-पाच टाक्यांनी एक मणी वर सरकवून साखळीत अडकवायचा. मण्यांच्या वजनाने काठ खाली राहतो, पंख्याच्या वाऱ्याने झाकण उडत नाही, माशी बसत नाही, धूळ पडत नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने सुई खाली ठेवावी, मनगटं फिरवावीत, दूरवर पाहावं. अंगठा किंवा मनगट दुखू लागलं तर दोन दिवस सुटी घ्यावी. दुखत असताना जबरदस्तीने विणलं की दुखणं वाढतं. काळा आणि गडद निळा दोरा खिडकीच्या उजेडातच घ्यावा, कारण त्यातले टाके मंद प्रकाशात दिसत नाहीत.

घरातल्या बाकीच्यांनी करायची गोष्ट एकच, आणि ती सोपी आहे. दुपारी दोन ते तीन या वेळात ताक स्वतः घ्यावं, पाण्याची मोटार स्वतः लावावी, कावळ्यांवर मुलांनी लक्ष ठेवावं. क्रोशाला कुठेही थांबता येतं हे खरं, पण म्हणून तो प्रत्येक वेळी थांबवलाच पाहिजे असं नाही. मंद्रूपच्या उन्हाळ्यात सलग एक तास हातात सुई राहिली तर तो तास त्या घराने तिच्यासाठी राखलेला असेल, आणि तिथून पुढे तो रोज राखावा.